पेरेंट मेला, चाइल्ड प्रोसेस मागे राहिली: लिनक्सवर काय करायचं?

हळदीच्या ऐन सौद्यात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला, "काटा ५२ किलो दाखवतोय, कॉम्प्युटरवर नुसता ५ येतोय." काट्यात दोष नव्हता. अडकलेला बिलिंग प्रोग्रॅम आदल्या रात्री मीच ९ नंबरच्या सिग्नलने, म्हणजे जागच्या जागी मारणाऱ्या हुकुमाने, मारला होता. काटा वाचणारी त्याची चाइल्ड प्रोसेस, म्हणजे त्याने स्वतः सुरू केलेली वेगळी प्रोसेस, मात्र जिवंत राहिली. सकाळी नवा प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने दुसरी चाइल्ड उभी केली, आणि एकाच सिरियल पोर्टवर दोघी वाचायला बसल्या. काही आकडे हिला, काही तिला.

पेरेंट (चाइल्डला सुरू करणारी प्रोसेस) मेला म्हणून लिनक्स चाइल्डला मारत नाही, दत्तक देतं. बहुतेक वेळा १ नंबरच्या प्रोसेसला. म्हणून आधी 'पीएस' या कमांडने येणाऱ्या प्रोसेसच्या यादीत पीपीआयडीचा, म्हणजे पेरेंटच्या नंबरचा, रकाना बघा. १ दिसला म्हणजे अनाथच असं नाही, सिस्टिमच्या सेवाही तिथेच असतात. नाव बघून आधी टर्म सिग्नल (बंद हो अशी विनंती) द्या, ऐकलं नाही तरच ९.

पुढच्या वेळेसाठी आवराआवरीचा कोड पेरेंटमध्ये लिहू नका. ९ नंबरचा सिग्नल पकडता येत नाही, त्यामुळे तो कोड चालणारच नाही. सोय चाइल्डमध्येच हवी.

माझी पसंती पाइपला, म्हणजे एका टोकाने लिहायच्या आणि दुसऱ्याने वाचायच्या नळीला. फोर्कच्या (चाइल्ड उभी करण्याच्या) आधी पाइप उघडा. पेरेंटने लिहिण्याचं टोक नुसतं धरून ठेवायचं, लिहायचं काहीच नाही. चाइल्डने आपल्याकडचं लिहिण्याचं टोक लगेच बंद करायचं आणि वाचण्याच्या टोकावर लक्ष ठेवायचं. पेरेंट कसाही मेला तरी कर्नल त्याचं टोक बंद करतो. चाइल्डला ईओएफ (आता काही येणार नाही अशी खूण) मिळाला की तिने पोर्ट सोडून बाहेर पडायचं. मेख एकच: नंतर उभ्या केलेल्या दुसऱ्या चाइल्डकडे लिहिण्याचं टोक वारशाने गेलं, तर ईओएफ येतच नाही. माझी अख्खी दुपार यात गेली. तिथेही ते बंद करा.

'पीआरसीटीएल' या सिस्टिम कॉलमधला पीडेथसिग, म्हणजे पेरेंट मेल्यावर चाइल्डला सिग्नल देण्याची सोय, सोपा दिसतो. पण तो लावण्याआधीच पेरेंट गेला तर सिग्नल येत नाही. लावल्यावर लगेच पेरेंटचा नंबर तोच आहे ना, हे तपासा.

प्रोग्रॅम सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालवला तर मुख्य प्रोसेस गेल्यावर उरलेल्यांना आधी टर्म मिळतो, न ऐकल्यास सहसा ९० सेकंदांनी ९. विंडोजवर हेच काम जॉब ऑब्जेक्ट (प्रोसेसचा एकत्र बांधलेला गट) करतो.

शेवटी मुद्दाम ९ ने पेरेंट मारून बघा. मी दुकानात तेच केलं, यादीत एकही चाइल्ड उरली नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून हमालमामांना पोतं काट्यावर ठेवायला सांगितलं. स्क्रीनवर ५२ आले.