गल्लीतल्या खेळापासून स्पर्धेच्या टीमपर्यंत: बेळगाव भागात मुलांचा फुटबॉल क्लब कसा उभा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मुलांचे बरेचसे क्लब एखाद्या स्पर्धेच्या निमित्तानेच सुरू होतात. सेव्हन-ए-साइडची स्पर्धा जाहीर झाली की गल्लीतली दहा-बारा पोरं गोळा होतात, जर्सी छापल्या जातात, आणि स्पर्धा आटोपली की क्लबही विरतो. टिकणारा क्लब उलट्या क्रमाने उभा राहतो. आधी लहान मुलांचा मोकळा खेळ, त्यातून नियमित प्रॅक्टिसचा गट आणि शेवटी स्पर्धेची टीम. खालची पायरी रुंद असेल तरच वरच्या पायरीवर दरवर्षी मुलं येत राहतात. म्हणून पहिल्या वर्षी ट्रॉफीचा विचार बाजूला ठेवा आणि शनिवारी ग्राउंडवर किती मुलं येतात एवढंच मोजा.

मोकळा खेळ: ६ ते ९ वर्षे

आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी एक तास पुरतो. आपल्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ धरा. चार विरुद्ध चार खेळवा. गोलकीपर नको, ऑफसाइड नको, गुणतक्ता तर मुळीच नको. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टा घ्या, दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर अंतरावर प्लास्टिकचे कोन (शंकू) ठेवा, झाला गोल. एका मोठ्या ग्राउंडवर असे सहा पट्टे आरामात बसतात. बॉल ३ नंबरचा, आणि प्रॅक्टिसच्या भागात प्रत्येक मुलाच्या पायात स्वतःचा बॉल हवा. पैसे कमी असतील तर जर्सी पुढच्या वर्षी छापा, बॉल आधी घ्या.

तासाची मांडणी साधी ठेवा. पहिली दहा मिनिटं बॉल पायात घेऊन ‘शिवाजी म्हणतो’: शिवाजी म्हणतो तळव्याने थांबवा, शिवाजी म्हणतो डाव्या पायाने वळवा. पुढची पंधरा मिनिटं ‘डोंगर का पाणी’. दोन्ही टोकांना डोंगर आखायचे, मुलांनी बॉल ढकलत एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायचं आणि राज्य असलेल्याने वाटेत बॉल हिसकावायचा. ज्याचा बॉल गेला त्याने बाहेर बसायचं नाही, तोही हिसकावणाऱ्यांत सामील होतो. मग अर्धा तास मॅच, आठ-आठ मिनिटांच्या, मध्ये पाणी प्यायला वेळ ठेवून.

या वयात सर्वांत जास्त नुकसान रांगेमुळे होतं. बारा मुलं एका ओळीत, समोर सहा कोन, एकेकाने ड्रिबल करत जायचं: लांबून शिस्तीचं दिसतं आणि पालकही खूश होतात. पण घड्याळ लावून बघा. एका मुलाला अर्ध्या तासात जेमतेम दोन-तीन मिनिटं बॉल मिळतो. उरलेल्या वेळात तो पुढच्याला ढकलतो आणि दोन महिन्यांनी यायचं बंद करतो. रांग तीन मुलांपेक्षा लांब झाली की दुसरा पट्टा सुरू करा. त्यासाठी १० ते १२ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. तो पट्टीचा खेळाडू नसला तरी चालेल. बॉल परत आत टाकणं, पडलेल्याला उठवणं आणि मुलांची नावं लक्षात ठेवणं त्याला जमलं पाहिजे.

मुली आणि मुलगे या वयात एकत्र खेळू द्या, बारा वर्षांपर्यंत काही अडत नाही. मात्र ग्राउंडजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि एक तरी महिला स्वयंसेवक, या दोन गोष्टींची सोय पहिल्या दिवसापासून करा. मुली गळतात त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

विकास गट: १० ते १३

आता सात विरुद्ध सात, आणि ११-१२ वर्षांपासून नऊ विरुद्ध नऊ. साताच्या खेळाला साधारण ५५ बाय ३७ मीटर जागा आणि १२ फूट रुंद, ६ फूट उंच गोल लागतो. नवाच्या खेळाला ७३ बाय ४६ मीटर जागा आणि १६ बाय ७ फुटांचा गोल. अकराच्या खेळाचा मोठा गोल २४ बाय ८ फुटांचा असतो. अकरा वर्षांच्या गोलीला त्यात उभं केलं की डोक्यावरून टाकलेला प्रत्येक बॉल आत जातो. मग बाकीची मुलं लांबून उंच बॉल मारण्याशिवाय काही शिकत नाहीत. छोटे गोल नसतील तर बांबू रोवून वर दोरी बांधा.

बॉल १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा, १३ पासून ५ नंबरचा. नियमाप्रमाणे बॉलमध्ये ८.५ ते १५.६ पीएसआय दाब चालतो. लहान मुलांसाठी खालच्या टोकाला, म्हणजे नऊच्या आसपास ठेवा आणि पंपाबरोबर गेज घ्या. अंगठ्याने दाबून अंदाज घेतला की बॉल दगडासारखा फुगतो, आणि मुलं छातीवर बॉल घ्यायला घाबरतात. हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याचा, सराव बारा वर्षांखाली करून घेऊ नका. इंग्लंडमध्येही २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात प्रॅक्टिसमध्ये हेडिंग नको असा सल्ला दिलेला आहे.

जागा बदलत राहा. जो दहाव्या वर्षी उंच म्हणून स्टॉपर (मधला बचावपटू) झाला, तो पंधराव्या वर्षी सरासरी उंचीचा होतो आणि त्याला पुढे खेळताच येत नाही. प्रत्येक मुलाने हंगामात निदान तीन जागा खेळाव्यात आणि प्रत्येक मॅचमध्ये किमान अर्धा वेळ मैदानात असावं. ही अट कागदावर लिहा आणि पालकांना आधीच वाचून दाखवा. हरत असताना ती आठवून देणारं कोणी तरी लागतं.

ग्राउंडची माती

बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे तांबडी माती, तर येळ्ळूर-वडगावची शिवारं आणि निपाणीकडे काळी. दोन्हींची काळजी वेगळी. तांबडं ग्राउंड उन्हाळ्यात टणक होतं आणि बारीक खडे वर येतात. प्रॅक्टिसआधी पाच मिनिटं सगळ्या मुलांना ओळीने चालवून खडे आणि काचा वेचून घ्या. तिथे लांब, टोकदार स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट नकोत. आखूड रबरी स्टड किंवा साधे कॅनव्हास बूट बरे, नाहीतर टाच आणि गुडघा धरतो. काळ्या मातीत उन्हाळ्याच्या भेगा वाळू-मातीने बुजवा, कारण भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतोच. मोठ्या पावसानंतर काळं ग्राउंड एक-दोन दिवस मोकळं सोडा. ओल्या काळ्या मातीत एकदा खेळ झाला की खड्डे वाळून तसेच राहतात आणि पुढचा महिना बॉल सरळ जात नाही.

आखणीला फक्की वापरा, चुना नको. चुना ओल्या अंगाला आणि डोळ्यांना भाजतो. हलवता येणारे लोखंडी गोल दोन्ही बाजूंनी वाळूच्या पोत्यांनी किंवा खुंट्यांनी पक्के करा आणि मुलांना बारला लोंबकळू देऊ नका. सुटा गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत.

शाळेचं ग्राउंड हवं असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची विकास व देखरेख समिती) यांना लेखी अर्ज द्या, आणि मराठी अर्जासोबत कन्नड प्रतही जोडा. अर्ज पुढे बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) कार्यालयात गेला तरी मग भाषेपायी अडून राहत नाही. अर्जात वार, वेळ, मुलांची संख्या आणि साफसफाईची जबाबदारी स्पष्ट लिहा.

स्पर्धेची टीम

तेराच्या पुढे स्पर्धेची टीम वेगळी काढावी. अकराच्या खेळाला १८ ते २० मुलं घ्या. आठवड्याला तीन प्रॅक्टिस, प्रत्येकी दीड तास, आणि एक मॅच.

निवड एका दिवसात उरकू नका. दोन वेगवेगळे दिवस घ्या, सगळ्यांना नंबरची बिब (जर्सीवरून घालायची बंडी) द्या आणि पाच विरुद्ध पाचचे छोटे सामने फिरते ठेवा. तीन जण बघणारे असावेत आणि त्यांनी एकमेकांशी न बोलता टिपणं लिहावीत. बॉल उडवून किती वेळ सांभाळतो याची परीक्षा घेऊ नका, त्यातून खेळ कळत नाही. बॉल येण्याआधी मुलगा मान वळवून बघतो का, बॉल गेल्यावर पुढच्या तीन सेकंदांत काय करतो, दुसरा पाय वापरतो का, चूक झाल्यावर सोबत्यावर ओरडतो का, हे बघा.

एक गोष्ट जपून तपासा. वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. निवडलेल्या वीस जणांच्या जन्मतारखा महिन्यांप्रमाणे मांडा. पहिल्या तीन महिन्यांतलेच बहुसंख्य निघाले तर तुम्ही खेळ निवडलेला नाही, उंची निवडली आहे. उशिरा वाढणाऱ्या दोन-तीन मुलांसाठी जागा राखून ठेवा. निवड न झालेल्या मुलाला यादी भिंतीवर लावून कळवू नका; पालकांसमोर पाच मिनिटं बोला, एक कमतरता आणि एक जमेची बाजू सांगा आणि त्याचा विकास गटातला दिवस नक्की करा. सहा महिन्यांनी पुन्हा बघणार असं सांगितलं असेल तर खरोखर बघा.

मोठ्या मुलांचा भार मोजताना क्लबबाहेरचे तासही धरा. आपल्याकडे तोच मुलगा शाळेच्या टीममध्ये असतो, गावाच्या कबड्डीत असतो आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी लष्कर भरतीसाठी पहाटे १६०० मीटरचा सराव करतो. आठवड्याचे सगळ्या खेळांचे मिळून तास त्याच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत आणि एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. चौदाच्या पुढच्या मुलांना फिफाचा ‘११ प्लस’ वॉर्मअप आठवड्यातून निदान दोनदा द्या. वीस मिनिटं लागतात, साहित्य लागत नाही, आणि नियमित केला तर दुखापती खरोखर कमी होतात.

कागदपत्रं

क्लब संस्था म्हणून नोंदवायचा असेल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सज्ञान सदस्य लागतात. बँक खातं संस्थेच्या नावाने, दोन सह्यांचं. अधिकृत स्पर्धांसाठी खेळाडूंची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते, आणि आपला भाग कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेखाली येतो.

सीमाभागात खरी अडचण नावाची होते. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कन्नड जन्मदाखल्यावर दुसरं स्पेलिंग, आधारवर तिसरं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब. मूल विकास गटात आल्याबरोबर तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासा आणि फरक असेल तर पालकांना तेव्हाच दुरुस्तीला लावा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात काही होत नाही. जन्मतारीख १ जून असेल तर आणखी लक्ष द्या, कारण शाळेत घालताना अंदाजाने तीच तारीख लिहायची पद्धत होती. जन्मदाखला उशिरा काढलेला असला तरी प्रश्न विचारले जातात. वयाची शंका आली तर डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून टीडब्ल्यू३ पद्धतीने हाडांचं वय काढतात. वय चोरण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात मुलाचीच कारकीर्द जाते.

चंदगड, शिनोळी, कागलकडची मुलं आपल्याकडे खेळायला येतात. कोल्हापूरचा फुटबॉल महाराष्ट्राच्या संघटनेखाली चालतो, त्यामुळे मुलगा तिकडे नोंदलेला असेल तर राज्याबाहेरची बदली करून घ्यावी लागते. प्रवेश देतानाच विचारा: याआधी कुठल्या क्लबकडून नोंद झाली आहे का? शाळेच्या टीमसाठी सुब्रतो कप ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा हा १९६० पासून चालत आलेला वेगळा मार्ग आहे. तिथे शाळा नोंदवते, क्लब नव्हे.

दुखणी, वीज आणि मोठ्यांचं वागणं

दहा ते पंधरा वर्षांतल्या मुलाने गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखतं म्हणून सांगितलं तर तो वाढीच्या वयातला त्रास असू शकतो. उड्या आणि धावणं कमी करा, डॉक्टरांना दाखवा. दुखणं मारून खेळवू नका. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, ओकलं किंवा डोकं धरून बसलं तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात जाणार नाही, मग फायनल का असेना.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस संध्याकाळी, नेमका प्रॅक्टिसच्या वेळी येतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर खेळ थांबवा आणि मुलांना पक्क्या इमारतीत न्या, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीवर जायचं नाही, हा नियम सगळ्यांना लागू, अध्यक्षांनाही. लैंगिक छळाची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपसात मिटवता येत नाही. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून द्या.

वर्षाचं वेळापत्रक आखताना दोन्ही राज्यांच्या सुट्ट्या बघा. इकडच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून उन्हाळी आणि ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची सुट्टी लागते. तिकडच्यांना मे आणि दिवाळी. मिश्र टीम असेल तर शिबिर मेमध्येच धरावं लागतं. दहावीच्या मुलांना जानेवारीपासून आठवड्याला दोनच दिवस बोलवा आणि तसं पालकांना जूनमध्ये सांगून ठेवा. ‘सगळं नाहीतर काहीच नाही’ अशी अट घातली की ट्यूशन लागताच मुलगा जातो आणि परीक्षेनंतरही परत येत नाही. दोन दिवस चालू राहिलेला मुलगा एप्रिलमध्ये परीक्षा संपताच तिसऱ्या दिवशीही येऊ लागतो.