रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात या चुका टाळा

"सर, आवाज घुमतच नाही." दर बॅचमध्ये कुणीतरी हे म्हणतंच. आवाज घुमलेला असतो. तो जिथे घुमला ती जागा मागे टाकून पाणी केव्हाच वीतभर खाली गेलेलं असतं, आणि पोरगं फोर्क पुन्हा कुठे आपटावा ते शोधत असतं.

ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये गेली बावीस वर्षं हवेतल्या आवाजाचा वेग मोजायचा हा प्रयोग मी घेतोय. मीटरभर उंच काचेची नळी, रबरी नळीने तिला जोडलेली पाण्याची टाकी आणि एक ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की एकच ठरलेला सूर देणारा दोन भुजांचा धातूचा काटा, बहुतेकदा ५१२ हर्ट्झचा. वाजता फोर्क नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाण्याची पातळी हळूहळू उतरवायची. हवेचा स्तंभ तरंगलांबीच्या साधारण पाव झाला की नळी पहिल्यांदा घुमते, हाच पहिला रेझोनन्स; पाऊण झाला की दुसऱ्यांदा. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं.

सगळ्यात जास्त बळी घेणारी चूक म्हणजे घाई. टाकी एकदम खाली आणली की पहिला रेझोनन्स हातचा जातो आणि दुसऱ्यालाच पहिला समजलं जातं. एका वर्षी एक हुशार मुलगी जर्नल घेऊन आली. लांबी ४९.९ सेंटिमीटर, चार गुणिले ५१२ गुणिले लांबी, उत्तर सेकंदाला १०२२ मीटर. खाली दोन रेघा मारलेल्या. मी विचारलं, "नळीत काय भरलं होतंस?" म्हणाली, "हवा, सर." म्हटलं, हवेत आवाज साधारण ३५० मीटरने जातो. १०२२ च्या आसपासचा वेग हेलियममध्ये मिळतो, आणि हेलियम आपल्या लॅबमध्ये कधी आलेला माझ्या तरी ऐकिवात नाही. तिला हसू आलं नाही, गुणाकार पुन्हा तपासायला लागली. गुणाकार बरोबरच होता. पुन्हा नळीपाशी नेऊन पाणी काठोकाठ भरायला लावलं आणि टाकी बोटभर, बोटभर खाली आणवली. १५.९ ला नळी अशी घुमली, की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

माझी सवय सांगतो. आधी कागदावर अंदाज काढायचा. ५१२ चा फोर्क, २७ अंश तापमान, म्हणजे वेग सुमारे ३४८, तरंगलांबी ६८ सेंटिमीटर, तिचा पाव १७. मग १७ च्या आसपास कान टवकारून बसायचं. जागा सापडली की पातळी खालून वर नेऊनही एकदा बघायची. दोन्ही वेळा तेच रीडिंग आलं तरच जर्नलमध्ये लिहायचं.

आता तुम्ही म्हणाल, अंदाज १७ चा आणि नळी घुमली १५.९ ला, हे कसं? नळीच्या उघड्या तोंडाशी हवा सगळ्यात जास्त हलते ती जागा काठावर नसते, जराशी बाहेर असते. नळीच्या आतल्या व्यासाच्या ०.३ पट इतकी. साडेतीन सेंटिमीटर व्यासाला जवळपास एक सेंटिमीटर झाला. ही दुरुस्ती विसरून नुसत्या पहिल्या लांबीवर वेग काढलात तर ३२६ येतो. दोन्ही लांब्या घेऊन वजाबाकी करा, बाहेरचा तुकडा आपोआप कटतो.

दुसरी चूक मला चूक म्हणवत नाही, लबाडी म्हणवते. पुस्तकात शून्य अंशाला ३३२ मीटर दिलेलं असतं. मुलं 'शून्य अंशाला' हे शब्द गाळतात आणि ३३२ यावेत म्हणून रीडिंगं उलटी रचतात. एका प्रॅक्टिकल परीक्षेत एकाने तीन वेगवेगळ्या फोर्कांवर तिन्ही वेळा ३३२.० आणले होते. वरच्या रकान्यात मात्र त्यानेच खोलीचं तापमान ३१ अंश लिहिलेलं. दर अंशाला वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे ३५० यायला हवे होते. एक्स्टर्नल परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बाळ, प्रयोग बर्फाच्या कारखान्यात केलास का?"

उत्तराला दामटून बसवायचा मोह थोरांनाही सुटलेला नाही. न्यूटनच्या गणितातून आवाजाचा वेग सेकंदाला ९७९ फूट निघत होता, मोजलेला होता ११४२. आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने हवेच्या कणांची जाडी आणि हवेतली वाफ हिशेबात धरून ही दरी बुजवली. खरी गोम वेगळीच होती. दाबली जाणारी हवा तापते आणि तेवढ्या झपाट्यात ती उष्णता बाहेर पडत नाही, हे त्याच्या गणितात नव्हतं. ते १८१६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने दुरुस्त केलं. पण म्हणून न्यूटनचा दाखला देऊन माझ्याकडून गुण मिळत नाहीत. एकाने तोही प्रयत्न करून पाहिला आहे.

फोर्क टेबलाच्या कडेवर आपटू नका, रबरी पॅडवर वाजवा. भुजा वाकली किंवा कपची उडाली की दांड्यावरच्या ५१२ ला अर्थ राहत नाही.

फोर्क आडवा धरा, एक भुजा दुसरीच्या वर. वाजता फोर्क कानाजवळ दांड्याभोवती एक पूर्ण फेरा फिरवून बघा. चार ठिकाणी आवाज जवळजवळ गायब होतो. चुकून नेमकी तीच बाजू नळीकडे केलीत तर अर्धा तास फुकट. भुजा काचेला टेकू देऊ नका, काठ फुटतो आणि भरपाईचा अर्ज मला लिहावा लागतो.

पंखा बंद. गप्पाही.

हल्ली मोबाईलवर ५१२ चा सूर लावून बसतात. सूर थांबत नाही, हात दुखत नाही, सगळं मान्य. पण व्हॉल्यूम पूर्ण केला की बारका स्पीकर फाटतो आणि ५१२ सोबत १०२४ ही मिसळतो. मग नळी साडेसातलाच घुमते आणि मुलं धावत येतात, "सर, पहिला रेझोनन्स लवकर आला!" आवाज कमी करून ऐका, नाहीतर सरळ फोर्क घ्या. मला फोर्कच आवडतो. तो दर काही सेकंदांनी विझतो, त्यामुळे थांबून परत वाजवावाच लागतो.