बिएर्तानला जायचंय? मग असं करा

बिएर्तान ही रोमानियातली एक कोमुना. कोमुना म्हणजे आपल्याकडची ग्रुप ग्रामपंचायतच समजा, तीन-चार गावं मिळून एक कारभार आणि एक निवडून आलेला प्रिमार, म्हणजे सरपंच. बिएर्तान कोमुनात तीन गावं, बिएर्तान, कोप्शा मारे आणि रिकिश, आणि तिन्ही बघा, फक्त पहिलं बघून परत फिरू नका प्लीज.

व्हिसा शेंगेनचा चालतो, रोमानिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्ण शेंगेनमध्ये आहे. मुंबईहून इस्तंबूल किंवा दोहामार्गे बुखारेस्ट, तिथून ब्राशोव्ह, सिगिशोआरा करत जाणारी ट्रेन पकडून मेदियाशला उतरा, पुढे बस किंवा टॅक्सी. पैसे लेउमध्ये बदलून ठेवा, खेड्यात सुट्टे लागतातच.

बिएर्तानचं तटबंदीचं चर्च 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण तिथे घाई करू नका, आतल्या खोलीचा 1515 चा दरवाजा नीट बघा, एक किल्ली फिरवली की कितीतरी अडसर एकदम सरकतात, मला तर तिथून हलवेना!

सॅक्सन, म्हणजे जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेली ही गावं, 1989 नंतर त्यातले बहुतेक जर्मनीला गेले. म्हणून रिकिशला चर्च बंद दिसलं तर शेजारी विचारा, किल्ली बहुतेक कुणाच्या तरी घरी असते.