आधी पंजा, मग पेशी

'पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव, अवयवांपासून संस्था' हे नववीतलं कुठलंही पोर झोपेतसुद्धा म्हणेल. पण ऊती म्हणजे काय असं विचारलं, की सगळे पंख्याकडे बघतात (ऊती म्हणजे मिळून एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह). म्हणून मी हल्ली उलट बाजूने सुरुवात करते.

चिकनच्या दुकानातून दोन पंजे आणा. आमचा दुकानदार पैसे घेत नाही, 'बाई, कुत्र्यासाठी का?' एवढं मात्र दर वेळी विचारतो. पंजे स्वच्छ धुवा. कापलेल्या टोकाशी, मागच्या बाजूला पांढऱ्या चकचकीत दोऱ्या दिसतील. त्यातली एक चिमट्यात धरून ओढा. बोटं मिटतात! पुढच्या बाजूची ओढली की उघडतात. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मागची दोन पोरं बाकावर चढली होती.

ही दोरी म्हणजे स्नायूरज्जू, स्नायूला हाडाशी जोडणारी. आता खवल्यांची कातडी सोला. तिचा सगळ्यात वरचा थर अभिस्तर ऊतीचा, म्हणजे आवरण घालणाऱ्या ऊतीचा. सांध्यावरची निळसर गुळगुळीत कूर्चा सुरीने कापली जाते, खालचं हाड कापलं जात नाही. गंमत म्हणजे दोरी, कूर्चा आणि हाड तिन्ही संयोजी ऊतीच, म्हणजे जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या. मांस मात्र पंज्यात जवळजवळ नाहीच. दोऱ्या ओढणारे बहुतेक स्नायू वर, तंगडीत. आपलंही तसंच: एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि त्या हाताची बोटं हलवा. कुठे हालचाल जाणवते बघा.

पेशी स्वतःच्याच गालातल्या घ्या. चूळ भरा, इअरबडने गाल आतून हलकेच घासा, काचपट्टीवर पसरा, वाळू द्या. मेथिलिन ब्लूचा एकच थेंब टाका (बोटाला लागला तर लवकर जात नाही), मिनिटभराने जास्तीचा रंग धुवा. वरची पातळ काच तिरकी टेकवून सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं त्यांचीच आकृती काढतात. सूक्ष्मदर्शकात सुरुवात १० एक्सच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या) भिंगाने करा. वेड्यावाकड्या फरश्यांसारख्या फिकट निळ्या पेशी दिसतील, प्रत्येकीत गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. अशा पंधरा-वीस ओळीने लावल्या तर मिलिमीटर भरतो.

गालात त्या एकमेकींना चिकटून थरावर थर असतात. घासताना सुटतात, म्हणून पट्टीवर पेशी दिसतात, पण ऊती दिसत नाही. पट्टी सरकवत राहा. कुठेतरी पाच-सहा अजून चिकटलेल्या सापडतात. तिथे थांबा आणि मुलांना रांगेने बोलवा.