फौजींच्या घरपट्टीचं बघा जरा
घरात कुणी माजी सैनिक असेल, नायतर फौजीची विधवा, तर घरपट्टी भरायच्या आधी रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चक्कर मारा. 2020 पासून राज्यात एका घराची घरपट्टी माफ आहे, पण ग्रामपंचायत आपणहून थोडीच सांगणार, त्यांना या ऑफिसचा दाखला लागतो. जाताना डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते), पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आणि आधार घ्या आणि मेन म्हणजे बायकोचं नाव बघा, बुकात माहेरचं नि आधारवर सासरचं असलं की पुढे फॅमिली पेन्शन अडकते, तेव्हा फौजीची सगळी नोंद ठेवणाऱ्या सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवून आत्ताच दुरुस्त करून घ्या, पत्रव्यवहाराला हेच सैनिक कल्याणचं ऑफिस मदत करतं. बुक प्लास्टिकात ठेवा हां, आपल्याकडे पावसात कपाटातल्या कागदालापण बुरशी धरते, मग झेरॉक्सवर नंबर उमटत नाय.