ठाण्यात बाहेर खायला जाताना: आपल्या आवडीचे ठिकाण शोधण्याची रीत

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास घरात चर्चा सुरू होते आणि पहिला प्रश्न बहुधा ‘कुठे जायचे?’ असा असतो. मोबाईलवर ताऱ्यांची यादी उघडली जाते, अर्धा तास वादात जातो आणि शेवटी सगळे नेहमीच्याच मॉलमध्ये जाऊन बसतात. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी काय खायचे, मग किती वाजता खायचे आणि सर्वांत शेवटी कुठे खायचे असे ठरवले, तर निवड सोपी होते आणि पदरात पडणारा पदार्थही चांगला असतो. कारण कोणत्याही उपाहारगृहाच्या मेन्यू कार्डावर शंभर पदार्थ असले, तरी तिथल्या आचाऱ्याचा हात बसलेला असतो तो पाच-सहा पदार्थांवर, आणि तेही दिवसाच्या ठरावीक वेळेलाच उत्तम मिळतात.

ठाण्यापुरते बोलायचे तर शहराचे खाण्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. स्थानकाच्या पश्चिमेकडून जांभळी नाका, तलावपाळी, गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी आणि पाचपाखाडी असा जुना भाग पायी फिरायचा आहे. घोडबंदर रस्ता, हिरानंदानी इस्टेट आणि पूर्व द्रुतगती महामार्गालगतचे मॉल हा नवा भाग गाडीने गाठायचा आहे. जुन्या भागात एक पदार्थ खाऊन चार पावले पुढे दुसरा खाता येतो, त्यामुळे एखादी निवड फसली तरी सकाळ वाया जात नाही. नव्या भागात मात्र एकदा गाडी लावून बसलात की तिथेच जेवावे लागते, म्हणून तिथली चौकशी आधीच पक्की करून निघावे. शनिवार-रविवारी संध्याकाळी माजिवडा, कापूरबावडी आणि पातलीपाडा या टप्प्यांवर वाहतूक किती तुंबते हे ठाणेकरांना सांगायला नको. घोडबंदरच्या बाजूला जायचेच असेल तर दुपारचे जेवण निवडावे.

सुरुवात न्याहारीपासून

नवीन ठिकाण पारखायला न्याहारीसारखी वेळ नाही. खर्च कमी येतो, बसणे थोड्या वेळाचे असते आणि त्या वेळचे पदार्थ झाकपाक करू देत नाहीत. मिसळीचे घ्या. तिच्यात उसळ, रस्सा, फरसाण, कांदा आणि पाव या पाचही गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात. रश्श्यावर तर्री दिसणे पुरेसे नाही. वाटण नीट परतलेले असेल तर रस्सा तिखट असूनही चव लागते, नसेल तर नुसता घसा जळतो. उसळ शिजलेली पण अख्खी राहिली पाहिजे, आणि फरसाण ताटात रस्सा पडल्यानंतरही दोन मिनिटे कुरकुरीत राहिले पाहिजे. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तहसील कार्यालयालगत असलेली मामलेदार मिसळ ही ठाण्याची जुनी खूण आहे आणि ती तिखटपणासाठी प्रसिद्ध आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने फुशारकी न मारता ‘कमी तिखट’ किंवा ‘मध्यम’ सांगावे आणि नंतर वरून रस्सा मागून घ्यावा. तिथे मोकळ्या टेबलाची वाट न पाहता अनोळखी माणसांबरोबर बसण्याची तयारी ठेवावी, आणि खाऊन झाल्यावर मागे उभ्या असलेल्यांसाठी जागा सोडावी, हा अशा ठिकाणांचा अलिखित नियम आहे.

वडापावाच्या बाबतीत मतभेद ठरलेले आहेत आणि ते मिटवण्याच्या फंदात पडू नये. स्थानकाबाहेरच्या कुंजविहारचा वडापाव आकाराने मोठा म्हणून ओळखला जातो. गजाननचा वडापाव बेसनाच्या पिवळ्या चटणीमुळे. माझे मत विचाराल तर वड्यापेक्षा चटणी महत्त्वाची, पण वडा कढईतून ताजा काढलेला नसेल तर कोणतीही चटणी त्याला वाचवू शकत नाही. म्हणून काउंटरजवळ दोन मिनिटे थांबून नवा घाणा कधी निघणार हे पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.

उडुपी हॉटेलांचा कस सकाळी लागतो. ओल्या नारळाची चटणी उष्म्यात फार वेळ टिकत नाही आणि पीठ दिवसभर आंबत जाते, त्यामुळे आठ वाजता मऊ आणि गोडसर लागणारी इडली दुपारी चारला आंबट लागली तर दोष हॉटेलचा कमी आणि आपल्या वेळेचा अधिक असतो. सांबारात डाळ आहे की नुसते चिंचेचे पाणी, डोसा कडेने कुरकुरीत आणि मध्ये शिजलेला आहे की नाही, आणि दुसरी वाटी सांबार मागितल्यावर ती गरम येते का, इतके पाहिले तरी पुष्कळ कळते. दोघे असाल तर ‘वन बाय टू’ मागायला संकोच करू नये. त्यामुळे एका बैठकीत तीन पदार्थ चाखता येतात.

मराठी न्याहारी बसून, निवांतपणे खायची असेल तर घंटाळी परिसरातील मेतकूटसारखी ठिकाणे आहेत. थालीपीठ, कोथिंबीर वडी, साबुदाण्याची खिचडी असे घरातलेच पदार्थ बाहेर कशाला खायचे, असा प्रश्न आधीच्या पिढीकडून हमखास येतो. त्याचे उत्तर असे की घरी थापायला वेळ उरलेला नाही आणि ज्येष्ठांना सोबत नेण्यासाठी याहून सोयीचे जेवण नाही. सुट्टीच्या दिवशी अशा ठिकाणी नाव लिहून थांबावे लागते. ज्येष्ठ बरोबर असतील तर दुकाने नुकती उघडत असताना जावे, आणि जिना आहे का, बसायला बाक आहे का हे फोनवर विचारून घ्यावे. गोडाची आणि चाटची हौस पाचपाखाडीतल्या प्रशांत कॉर्नरला भागते, पण ती संध्याकाळची जागा.

ब्रंचचा हिशेब

कॅफेमधला ब्रंच हा नव्या ठाण्याचा शौक आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्याचे अर्थशास्त्र वेगळे आहे. कॅफेत आपण अंड्यांचे आणि कॉफीचे जितके पैसे देतो तितकेच दोन तास बसण्याचेही देतो. म्हणून घाईत असाल तर तिथे जाऊ नये. अनेक कॅफेंचे दार लवकर उघडते पण स्वयंपाकघर उशिरा सुरू होते, आणि काही ठिकाणी न्याहारीचा मेन्यू ठरावीक वेळेला बंद होतो, तेव्हा ‘किचन किती वाजता सुरू होते आणि न्याहारी कधीपर्यंत मिळते’ हे दोन प्रश्न निघण्याआधी विचारावेत. कॉफी चांगली असेल तर बाकीचे माफ करता येते. पावाचे पदार्थ मागवताना पाव तिथेच भाजला जातो की बाहेरून येतो हे विचारले तर वेटरच्या चेहऱ्यावरूनच अर्धे उत्तर मिळते.

मोठ्या हॉटेलातील रविवारचा बुफे ब्रंच हा तिसरा प्रकार. फोनवर सांगितलेला दर बहुधा करांशिवाय असतो. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के लागतो, बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो; पण ज्या हॉटेलातील खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या उपाहारगृहात तोच कर १८ टक्के होतो. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो. मुलांचा दर कोणत्या वयापासून लागतो आणि पेये त्यात धरली आहेत का, हेही आधीच विचारावे. बुफेत पहिली फेरी रिकाम्या ताटाने फक्त पाहण्यासाठी मारावी, भात आणि पाव शेवटी घ्यावा आणि जिथे आचारी समोर उभा राहून करून देतो ते आधी खावे.

मासळीचे वेळापत्रक

मालवणी किंवा आगरी-कोळी पद्धतीचे जेवण हे ठाण्याच्या भूगोलातून आलेले आहे. शहराला खाडी आहे, चेंदणी कोळीवाडा आहे आणि आसपासची गावे आगरी-कोळ्यांची आहेत. या जेवणाचे ठिकाण निवडताना दिनदर्शिका पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताटात येणारे पापलेट किंवा सुरमई बर्फातली असण्याची शक्यता अधिक, आणि भाव मात्र चढे असतात. त्या काळात सुकट, सुके बोंबील, खाडीची मासळी किंवा कोंबडी-वडे मागवावेत. आठवड्याचाही विचार करावा: बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळीला उठाव असतो म्हणून माल फिरता राहतो, सोमवारी, गुरुवारी आणि संकष्टीला गिऱ्हाईक रोडावते. श्रावणात तर कित्येक खाणावळी गणपतीपर्यंत संथ चालतात.

टेबलावर बसल्यावर मेन्यू कार्ड उघडण्याआधी ‘आज ताजे काय आले आहे?’ असे विचारावे. वेटरने एक-दोन नावे सांगितली आणि एखादा मासा ‘आज नको’ म्हणून सांगितले, तर त्या ठिकाणावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सगळेच ताजे आहे असे उत्तर आले तर थाळीवर समाधान मानावे. पापलेट, चिंबोरी, लॉबस्टर यांच्यापुढे दराऐवजी ‘आकारानुसार’ असे छापलेले असते, तेव्हा मागवण्यापूर्वी आकडा विचारलाच पाहिजे. यात कमीपणा काही नाही. सोलकढीची परीक्षा सोपी आहे: नारळाच्या दुधाची खरी सोलकढी थोडा वेळ ठेवली की थर धरते आणि ढवळावी लागते, तिचा रंग फिकट गुलाबी असतो आणि लसूण मागाहून कळतो. झगझगीत गुलाबी आणि शेवटपर्यंत एकसारखी राहणारी सोलकढी बहुधा पाकिटातली असते. कालवणाच्या बाबतीत वाटणाचा खोबऱ्याचा वास आणि त्रिफळाची किंवा कोकमाची चव शोधावी. सर्व माशांचे कालवण एकाच लाल रंगाचे आणि एकाच चवीचे असेल तर तिथे एकच ग्रेव्ही सगळ्यांना वापरली जाते असे समजावे.

येऊरच्या बाजूच्या हॉटेलांत चुलीवरच्या जेवणाची पाटी पाहून लोक जातात. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, रात्रीच्या गोंगाटाबद्दल तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी होत आल्या आहेत. दुपारी जावे, जेवावे आणि उजेडात परतावे.

परीक्षणे, बिल आणि पुन्हा जाणे

अॅपवरील तारे पाहण्यापेक्षा अलीकडच्या तीन-चार महिन्यांतील मजकूर वाचावा, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलते आणि जुने तारे तसेच राहतात. ‘अप्रतिम जागा, उत्तम सेवा’ यापलीकडे काही न सांगणारे परीक्षण सोडून द्यावे. ज्याने पदार्थाचे नाव घेऊन तक्रार केली आहे ते मन लावून वाचावे, मग ती तक्रार आपल्याला लागू पडते का ते ठरवावे. ‘फार तिखट’ ही एखाद्याची तक्रार दुसऱ्यासाठी शिफारसही असू शकते. ग्राहकांनी टाकलेल्या छायाचित्रांत मेन्यू कार्डाची छायाचित्रे शोधावीत, आणि घरपोच मागवण्याचे दर व बसून खाण्याचे दर वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवावे.

बिल वाचायची सवय लावून घ्यावी. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक असला पाहिजे. जी छोटी हॉटेले कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांना उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरू देणाऱ्या योजनेत) आहेत, त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी आकारता येत नाही. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. तेव्हा असे शुल्क दिसले तर शांतपणे काढायला सांगावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वाचलेले पैसे वाढणाऱ्याच्या हातात रोख द्यावेत, तिथे ते अधिक शोभतात.

ठिकाण आवडले की पुढच्याच आठवड्यात, शक्यतो कामाच्या दिवशी, त्याच वेळी जाऊन तोच पदार्थ मागवावा. दुसऱ्यांदा तो तसाच निघाला तरच नाव वहीत किंवा मोबाईलमध्ये उतरवावे, आणि नुसते नाव न लिहिता पदार्थ, वार, वेळ आणि गर्दी यांची नोंद करावी: ‘बुधवार, साडेबारा, बांगडा थाळी, जागा मिळते’ अशी एक ओळ पाहुणे आल्यावर ताऱ्यांच्या यादीपेक्षा उपयोगी पडते. गल्ल्यावरच्या काकांना आणि वाढणाऱ्या दादांना आपला चेहरा ओळखीचा झाला की कार्डावर नसलेला पदार्थही कानावर येतो.

दोन दिवस मात्र या नोंदींना अपवाद ठेवावेत. गुढीपाडव्याला कौपीनेश्वर मंदिराची नववर्ष स्वागतयात्रा निघते आणि दिवाळी पहाटेला राम मारुती रोड व तलावपाळी तरुणांनी भरून जाते. त्या सकाळी नौपाड्यातील प्रत्येक हॉटेलासमोर रांग असते आणि पदार्थही घाईत वाढले जातात. मिरवून झाल्यावर खायचेच असेल तर वागळे इस्टेट किंवा ठाणे पूर्वेकडचे एखादे उडुपी गाठावे.