पानाचा चुना घ्या आणि भौतिक-रासायनिक बदल घरीच बघा

सातवी-आठवीच्या मुलांना बहुतेक ठिकाणी एकच खूण सांगतात, बदल उलटा करता आला तर भौतिक, नाही आला तर रासायनिक. ही खूण अर्धवट आहे आणि पुढे मुलं तिथेच अडकतात. कागद फाडला की पहिल्यासारखा होत नाही, मग तो रासायनिक बदल का? नाही ना, तुकडे कागदाचेच आहेत. विचारायचं फक्त एवढंच, की नवीन पदार्थ तयार झाला का? आणि हे दाखवायला पानाच्या चुन्याइतकी चांगली वस्तू मला दुसरी माहीत नाही.

आधी काळजीचं सांगून टाकतो. चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे चष्मा किंवा गॉगल घालायचा, चुना मोठ्यांनीच हाताळायचा, आणि चुकून डोळ्यात उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहून लगेच डॉक्टरकडे जायचं.

आता चुन्याची निवळी, म्हणजे चुना विरघळलेलं नितळ पाणी, करू. अर्धा लिटर आरओचं पाणी घ्या (बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळे आधीच गढूळ होतं), त्यात चमचाभर चुना ढवळा आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. बराचसा चुना तळाशी बसेल, तो बसू द्या, कारण लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. वरचं नितळ पाणी हळूच दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या आणि बूच घट्ट लावा, उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन वर पापुद्रा धरतो.

एका ग्लासात थोडी निवळी घेऊन स्ट्रॉने हळूहळू फुंका. फक्त फुंकायचं, ओढायचं अजिबात नाही. थोड्याच वेळात पाणी दुधाळ होतं. निवळीतलं कॅल्शियम हायड्रॉक्साईड आणि आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मिळून कॅल्शियम कार्बोनेट झालं, जे पाण्यात विरघळत नाही म्हणून पांढरं दिसतं. चुनखडी, संगमरवर, अंड्याचं कवच, सगळ्यात मुख्यतः हेच असतं. नवीन पदार्थ झाला, म्हणजे रासायनिक बदल. याच्या शेजारी मीठ-पाण्याची वाटी उन्हात ठेवा, पाणी उडून गेलं की तेच मीठ परत मिळतं, तो भौतिक.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. दुसऱ्या ग्लासात दोन-तीन चमचे निवळी घ्या आणि त्यात दुकानातला साधा सोडा, म्हणजे बाटलीतला फसफसणारा, थोडा थोडा ओतत जा. आधी दुधाळ होईल आणि मग आणखी ओतत राहिलात की परत नितळ. कार्बन डायऑक्साईड जास्त झाला की कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. आता हेच नितळ पाणी पातेल्यात उकळा, वायू निघून जातो आणि पुन्हा गढूळ होतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो तो बराचसा असाच तयार होतो. बघा, रासायनिक बदल आणि तरी उलटा झाला! "उलटा होत नाही" ही खूण इथेच पडते.

चुन्याचं तर अख्खं चक्रच आहे. भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसला चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साईड निघून चुनकळी (कॅल्शियम ऑक्साईड) उरते, 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 56 ग्रॅम चुनकळी आणि 44 ग्रॅम वायू. चुनकळीत पाणी घातलं की ती प्रचंड तापते आणि विरी जाते, म्हणजे तिचा कॅल्शियम हायड्रॉक्साईड, आपला चुना, होतो (हे घरी करू नका), तो चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत घेत परत कार्बोनेट होतो, म्हणजे सफेदी केलेल्या भिंतीवर शेवटी चुनखडीचाच थर असतो.

मग ते 44 ग्रॅम गेले कुठे, हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा. स्कॉटलंडच्या एडिंबरामध्ये रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1750 च्या दशकात मॅग्नेशिया अल्बा (मॅग्नेशियमचं कार्बोनेट) आणि चुनखडीसारखे पदार्थ तापवताना वजनं करूनच हा वायू पकडला. आपण व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्यातून तोच वायू काढून हे किचनच्या वजनकाट्यावर करू. दोन लिटरच्या कोल्डड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत 100 मिली व्हिनेगर घ्या, 4 ग्रॅम खाण्याचा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा. बाटली, बूच, पुडी सगळं एकत्र वजन करा. मग पुडी टाकून पटकन बूच घट्ट करा, फेस बसू द्या आणि परत वजन करा, काट्यावर तोच आकडा यायला हवा. मग बूच तोंडापासून लांब धरून सावकाश सैल करा, फुस्स होईल आणि वायू बाहेर गेल्यामुळे वजन एक-दोन ग्रॅमने उतरेल. सोड्याचं प्रमाण वाढवायचं नाही आणि काचेची बाटली तर वापरायचीच नाही.

व्हिडिओत बाटलीला फुगा लावून दाखवतात, वजनासाठी ते टाळा. फुगा फुगला की तो जितकी हवा बाजूला सारतो तितकी ती त्याला वर उचलते, लिटरला साधारण 1.2 ग्रॅम, त्यामुळे काहीही बाहेर न जाता काटा कमी दाखवतो आणि मुलांना वाटतं की द्रव्य नाहीसं झालं. बाटलीचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून बाटलीच घ्या.